सांगायचा कोपरा

सोमवार, ९ जानेवारी

नोकरीचा पहिला दिवस. या वयात कसली नोकरी, असं लेक फोनवर म्हणाली होती. पण मी नवी चप्पल घेतली, डबा भरला आणि शाळेचं फाटक उघडायच्या आधीच बाहेर जाऊन उभी राहिले. पद मोठं नाही. बालवर्गाची मदतनीस. नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायचे, सांडलेलं आवरायचं आणि ताई गोष्ट सांगत असताना जो टेबलाखाली घुसेल त्याला तंगडी धरून बाहेर काढायचं. पोरं मला आजी म्हणतात. कुणी शिकवलं नव्हतं, पाहिलं आणि म्हणायला लागली.

शाळा स्वच्छ आहे. फरशी इतकी लख्ख की आपलं तोंड दिसावं. मोठ्या वर्गांची रांग व्हरांड्यातून गेली तेव्हा मी दारात उभी होते. पावलांचा आवाज आला, बाकी काही नाही. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी मान वळवून पाहिलं नाही. मुख्य बाई म्हणाल्या, आमची शाळा यासाठीच ओळखली जाते. सगळी मुलं बालवर्गातूनच घडून पुढे जातात, आणि तो वर्ग आता तुमच्याकडे. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

आमचा वर्ग मात्र अजून घडायचा आहे. नुसता मासळीबाजार. एक चिमुरडी आहे, तिला सगळे भिंगरी म्हणतात. मी आत पाऊल टाकलं आणि तिने पाण्याची बादली उपडी केली. वर मलाच विचारलं, आता पुसणार कोण. मी म्हटलं, तू आणि मी. तिने फडकं घेतलं आणि फरशीपेक्षा मलाच जास्त पुसलं.

संध्याकाळी खोलीवर आले तर शांतता वाट बघत बसलेली. हे गेल्यापासून ती माझ्याकडेच मुक्कामाला आहे. हे बसचे कंडक्टर. यांचा घसा घरातही बसमधलाच. चहा हवा असला तरी मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा मागायचे. लोक बसमध्ये पुस्तकं विसरून जात. डेपोत कुणी न्यायला आलं नाही की हे ती घरी आणत. माझी शाळा तिसरीत सुटली होती, ती त्या पुस्तकांनी पुरी केली. म्हणून हे मला चिडवायला मास्तरीणबाई म्हणत. जिन्यातूनच हाक यायची. आज खरोखर शाळेत गेले, तर हाक मारायला माणूस नाही.

ही वहीही बसमध्येच सापडलेली, कोरी. आज तिला काम लागलं आणि मलाही.


मंगळवार, १० जानेवारी

ताई म्हणजे आमच्या वर्गशिक्षिका. माझ्या लेकीपेक्षा लहान, पण पोरांची नाडी ओळखून आहेत. मला म्हणाल्या, आजी, पळू नको म्हणू नका, चाल म्हणा. नको म्हटलेलं पोरांना ऐकूच येत नाही. उभ्याने ओरडायचं नाही, खाली बसून डोळ्यांत बघून बोलायचं. वर्ग फारच तापला तर त्या एका लयीत टाळी वाजवतात, पोरं तीच लय परत वाजवतात आणि वाजवता वाजवता गप्प होतात. मी घरी येऊन एकटीने वाजवून पाहिली. परत वाजवायला कुणी नव्हतं, पण लय जमली.

पोरं ओळखीची झाली. ढोल्या जिथे बसेल तिथे वाजवतो. टेबल, पाटी, शेजाऱ्याचं डोकं. ताईंनी त्याला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा दिला आहे. गाण्याच्या वेळी तो आमचा बँड, एरवी डबा कपाटावर. रडूबाईची आई फाटकाबाहेर गेली की ही भोंगा लावते आणि डब्यात केळं दिसलं की बंद करते. तिसरा का-का. त्याला प्रत्येक गोष्टीचं का हवं. तुझे केस पांढरे का, आजोबा का नाहीत, गेले तर का गेले, सांगून का नाही गेले. शेवटच्यावर मी त्याच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, बस काढ.

भिंगरीला चटया वाटायचं काम दिलं. हात रिकामा राहिला की तिचं डोकं चालतं, आणि डोकं चाललं की आमची धडगत नाही. तिला हळू बोलताच येत नाही. कानात गुपित सांगते तेही व्हरांड्यापर्यंत पोचतं. अगदी यांच्यासारखी.


गुरुवार, १२ जानेवारी

आज सांगायचा कोपरा कळला. वर्गाच्या मागच्या टोकाला, कपाटाच्या आड, भिंतीकडे तोंड करून एक बुटका स्टूल आहे. मला वाटलं शिक्षेची जागा. मुख्य बाई म्हणाल्या, छे, आम्ही शिक्षा करतच नाही. मूल बिथरलं की तिथे बसवायचं. त्याने भिंतीवर हात ठेवायचा आणि मनात जे खदखदतंय ते भिंतीला सांगून मोकळं व्हायचं. नियम एकच, हळू बोलायचं. ओरडायचं नाही. सगळी शाळा याच कोपऱ्यातून गेली आहे.

मला पटलं. मारण्या-कोंडण्यापेक्षा किती तरी बरं. पण पोरं तिकडे जाईनात. ढोल्या तर टेबलाला मिठी मारून बसला. मुख्य बाईंनी सुचवलं की आजींनी बसून दाखवावं, त्यांच्यावर पोरांचा जीव आहे.

मी बसले. पोरं भोवती गोळा झाली. भिंतीला फिका रंग आहे, पण लहान तोंडांच्या उंचीला एक पट्टा हात लागून लागून गुळगुळीत झालाय. हात ठेवला तर कोमट. पलीकडे स्वयंपाकघर असावं असं वाटलं. पोरांना दाखवायचं म्हणून हळूच बोलायला लागले, आणि तोंडातून यांचंच निघालं. जिन्यातली हाक, दवाखान्यातली शेवटची सकाळ, घरी परत आणलेली यांची चप्पल. लेकीलाही जे कधी सांगितलं नाही ते सगळं. उठले तेव्हा छाती हलकी झाली होती. घरी आले तर शांतताही बोचली नाही. आत्ता लिहिताना डोळे मिटतायत. आज झोप लागणार.


सोमवार, १६ जानेवारी

माझं बघून पोरं बसायला लागली. शुक्रवारी ढोल्याने एकाच्या पाठीचा तबला केला, मी त्याला कोपऱ्यात नेलं. भिंतीशी पुटपुटला, उठला आणि जागेवर जाऊन बसला. आज रडूबाई, मग का-का. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल. मुख्य बाईंनी येऊन कौतुक केलं. रडूबाईच्या आईने फाटकाशी माझा हात धरला, म्हणाली, आजी, तुम्ही जादू केलीत, सकाळी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही पोरीने.

बोलली हसत, पण हात पटकन सोडेना.

भिंगरी तेवढी बसली नाही. मला म्हणाली, भिंतीला तोंड नाही, तर कान कुठून आले. सगळा वर्ग हसायला हवा होता. मी एकटीच हसले.


बुधवार, १८ जानेवारी

रडूबाई घसरगुंडीवरून पडली. गुडघा चांगलाच सोलवटला, रक्त मोज्यापर्यंत आलं. मी धावले. ती उठून उभी राहिली होती आणि गुडघ्याकडे बघत होती, जसं कुणी दुसऱ्याच्या चपलेकडे बघावं. रडली नाही. मी औषध लावलं. ते झोंबतं, मोठी माणसं ओय ओय करतात. तिने पापणीही हलवली नाही. मी तिला म्हटलं, बाळा, रडलीस तरी चालेल. तिने माझ्याकडे पाहिलं. रडणं म्हणजे काय, हे विसरल्यासारखं.

ढोल्याला गाण्याच्या वेळी डबा दिला. त्याने तो नीट मांडीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत धरून बसला.

का-काने आज काहीही विचारलं नाही. मी मुद्दाम दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेले होते. त्याने पाहिल्या आणि नजर काढून घेतली.

ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आजी, तुम्हालाच दंगा हवा आणि तुम्हालाच शांतता नको. थट्टाच केली. पण मग बराच वेळ ढोल्याकडे बघत होत्या.


शुक्रवार, २० जानेवारी

मधल्या सुट्टीत पोरं अंगणात होती. मी वर्ग झाडत होते. पोरं गप्प खेळतात आता, त्यामुळे बाहेरून काही ऐकू येत नव्हतं. आवाज आतून येत होता. कपाटामागून. मी जाऊन भिंतीला कान लावला.

लांबवर, खोल, एखाद्या वर्गाची सुट्टी झाल्यासारखा गलका. त्यात पत्र्याच्या डब्याचा ठेका होता. भोंगा लावलेलं रडणं होतं. आणि एक बारीक आवाज, का, का, का, उत्तर मिळेना म्हणून थांबेना. त्यांच्या मागे आणखी किती तरी पोरं, मी कधी न पाहिलेली. व्हरांड्यातून मुकाट जाणाऱ्या त्या रांगा आठवल्या आणि हातातला झाडू खाली पडला.

पलीकडे स्वयंपाकघर नाही. बाहेर जाऊन पाहिलं. त्या भिंतीमागे नुसतं कुंपण आहे आणि मोकळं रान.

संध्याकाळी लेकीचा फोन. बाबांची आठवण काढत होती. म्हणाली, आई, जिन्यातून कशी हाक मारायचे ग. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. या वहीचं पहिलं पान उलटलं. अक्षर माझं, शब्द लिहिलेला आहे, मास्तरीणबाई. वाचला. आवाज ऐकू आला नाही. लेकीने फोनवर नक्कल करून दाखवली. हसले, पण ते दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटलं.

म्हणजे मीही दिलं आहे त्या भिंतीला. मोकळं व्हायच्या नादात यांचा आवाज देऊन आले. आणि माझ्या भरवशावर बसलेल्या पोरांचं रडणं, हसणं सगळं.

नाही. हे असं राहणार नाही.


सोमवार, २३ जानेवारी

मुख्य बाईंच्या खोलीत गेले आणि सरळ सांगितलं, कोपरा बंद करा. त्या रागावल्या नाहीत. त्यांना राग येताना मी पाहिलेलाच नाही. विचारलं, त्या दिवशी तुम्हाला बरं वाटलं होतं ना. मी म्हटलं, वाटलं. त्या म्हणाल्या, मग. मीही रोज संध्याकाळी तिथेच बसते. माझा मुलगा गेला. सुरुवातीला श्वास घेता येत नव्हता, आता काही होत नाही. त्याचा चेहराही डोळ्यांपुढे येत नाही. हे त्यांनी असं सांगितलं जसं कुणी सर्दी बरी झाली म्हणून सांगावं.

मला त्यांचा राग यायला हवा होता, कीव आली. तरी बोलले. म्हटलं, मला मोकळं व्हायचं नाही, माझं ओझं मला परत हवंय. आणि पोरांचंही. पोरं दंगा करतात कारण ती जिवंत आहेत. दंग्याला वळण लावायचं असतं, तो काढून घ्यायचा नसतो. मुख्य बाई म्हणाल्या, आजी, तुम्ही मदतनीस आहात, विसरू नका. मी म्हटलं, नाही विसरत, मदतच करते आहे.

जाताना स्टूल उचलला आणि अडगळीच्या खोलीत टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.


मंगळवार, २४ जानेवारी

स्टूल जागेवर होता. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्याकडे.

पोरं स्वतःच रांग लावून उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नाही तीही. ढोल्या भिंतीला गाल लावून उभा होता.

मग मी स्टूलवर बसले. भिंतीकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून, दिवसभर. तिथेच डबा खाल्ला, तिथेच नाकं पुसली. स्टूल एवढासा, माझा देह एवढा. भिंगरी म्हणाली, आजी, तो मोडेल. म्हटलं, मोडू दे, बरंच होईल. पाठीला भिंत गरम लागत होती. दुपारनंतर ती हलायला लागली, झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी. मी उठले नाही. बसमध्ये जागा धरून ठेवायची सवय आहे मला.


बुधवार, २५ जानेवारी

सकाळी पोचले तर ताई स्टूलवर. माझ्या आधी आलेल्या. त्यांचं लग्न मोडलं म्हणे काल. त्या भिंतीशी बोलत होत्या, डोळ्यांतून धार लागली होती, आणि माझ्यादेखत ती थांबली, नळ बंद केल्यासारखी. मी दंडाला धरून ओढलं. त्या शांतपणे म्हणाल्या, काय झालं, आजी.

दिवसभर त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. मी वाजवली. भिंगरीनेच फक्त परत वाजवली.

आता या वर्गात आम्ही दोघीच उरलो.


शुक्रवार, २७ जानेवारी

एक गोष्ट कळली. लवकर लिहून ठेवते.

मी रडूबाईला हात धुवायला नेलं होतं. परत आलो तर भिंगरी कोपऱ्यात. कुणी बसवलं की स्वतः गेली, माहीत नाही. स्टूलवर चढून उभी, आणि दोन्ही मुठींनी भिंत बडवत होती. ओरडत होती, माझ्या मैत्रिणीचं रडू दे, दे म्हणते ना, चोर कुठली. हळू बोलणं तिच्या रक्तातच नाही. आणि भिंत — भिंत आत गेली, ठसका लागल्यावर गळा जातो तशी — आणि माझ्या हातातली रडूबाई एकदम भोंगा लावून रडायला लागली. गुडघा दुखतोय, आई पाहिजे, सगळं एकदम, इतक्या दिवसांचं. मी तिला छातीशी धरून हसत होते. रडणं इतकं गोड लागेल असं कुणी सांगितलं असतं तर —

हळू सांगितलेलं ती गिळते. ओरडलेलं तिच्या घशात अडकतं. म्हणून तो नियम.

वळले तर दारात मुख्य बाई. म्हणाल्या, ही मुलगी सगळ्यांना बिघडवेल. सोमवारी हिच्या वडिलांना बोलावते. त्यांच्यासमोर मी स्वतः हिला बसवीन, तोंडावर हात ठेवून, पुटपुटण्याइतकाच आवाज निघेल असा.

भिंगरी माझ्यामागे लपली. पहिल्यांदाच लपताना पाहिली.


रविवार, २९ जानेवारी

भिंगरीच्या घरी जाऊन आले. बाप दमलेला, भला माणूस. आई नाही. म्हणाला, ही घरीही अशीच, मला झोप नाही, जरा गप्प झाली तर कोणाचं काय बिघडणार आहे. मी सांगत राहिले. तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, बाई म्हणतात ते भल्यासाठीच असणार.

लेक म्हणते सोड नोकरी, माझ्याकडे ये. म्हटलं, येईन. सोमवारनंतर.

ट्रंक उघडली. यांची शिट्टी काढली, घासून लख्ख केली. बसला घंटा नव्हती तेव्हाची. एक शिट्टी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. नवीन लग्न झालं तेव्हा यांनीच शिकवलं होतं. शिट्टी आठवते. शिकवणारा आवाज आठवत नाही.

पिशवीत ताटल्या, चमचे, दोन पातेली. शेजारीण म्हणाली, कुठे जेवण आहे का. म्हटलं, हो, मोठी पंगत आहे.


सोमवार, ३० जानेवारी

वर्गातूनच लिहिते आहे. दाराला आतून कडी. सगळी पोरं आत, ताईही. बाहेर मुख्य बाई आणि भिंगरीचा बाप. बाई दार ठोठावतायत, तेही हळूच.

ताटल्या वाटल्या. ढोल्याला त्याचा डबा. कुणी वाजवत नाही. हातात धरून बसलीत. भिंगरी आणि रडूबाई दोघीच पातेली बडवतायत. मी ओरडते आहे, पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे — यांचं बसमधलं हेच सुचलं.

भिंतीचा रंग फुगतो आहे. दुधावरच्या सायीसारखा.


का-का बोलला. आजी, दार का लावलं. का? का? — माझ्या डोळ्यांना काही दिसेना क्षणभर. त्याला म्हटलं, सगळं सांगते, आधी वाजव. वाजवतो आहे.


ताईंनी टाळी वाजवली. एकदाच. मग पुन्हा. ती लय. पोरं परत वाजवतायत — एक, आणखी एक — खिडकीकडची एक अबोल पोर हसते आहे, अंग टाकून हसते आहे —

बाहेर बाप विचारतोय आत काय चाललंय. आवाज रडवेला. भिंगरी ओरडून सांगते, बाबा, तुम्ही पण वाजवा. दारावर धाडधाड — तोच वाजवतोय.

ढोल्या अजून नाही. डबा मांडीवर. त्याचा ठेका आत ऐकू येतो, अगदी जवळ, रंगाच्या पापुद्र्यामागे.


भिंतीतून हाक आली.

मास्तरीणबाई.

यांचाच आवाज. जिन्यातला. अक्षर नीट येत नाही —

पुन्हा. मास्तरीणबाई, दमलीस का. बस जरा. पोरांना गप्प कर, मी रोज हाक मारीन. तू गप्प केलंस तर. नाही तर ही शेवटची.

ऐकत राहावंसं वाटतं. आणखी एकदा, एकदाच —

भिंगरी बाही ओढते आहे. वाजवणं मंदावलं. पोरं माझ्याकडे बघतायत. मी गप्प आहे म्हणून तीही —


हे कधी कुणाला गप्प बस म्हणाले नाहीत. जन्मात नाही. रडणारी पोरं, भांडणाऱ्या बाया, सगळी बस अंगावर घेऊन हसायचे.

आवाज यांचा. बोलणं यांचं नाही.

देणार नाही. एकही पोर देणार नाही. तुला आवाज ठेवायचाय तर ठेव, माणूस माझा होता.


शिट्टी वाजवली. एक. भिंत उभी चिरली, वरपासून खालपर्यंत. ढोल्याचं बोट हललं. पत्र्यावर टक् —

आतून हे हाका मारतायत, थांब मास्तरीणबाई, थांब, थांब —

थांब म्हणजे एक. चला म्हणजे दोन. तुम्हीच शिकवलंत —

पोरांनो, ताटल्या वर. माझी दुसरी शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम वाजवा, भिंत फुटेपर्यंत —